यशाचे बारा पाठ आणि एक गच्ची

१ मार्च १९८६

खुशालचं पत्र. या वर्षातलं तिसरं. धाकटा भाऊ नागपुरात इंजिनीअर आहे, त्यामुळे त्याला सगळं जग दुरुस्तीला आल्यासारखं दिसतं. आता माझा नंबर. लिहितो, वरची खोली तयार आहे, पंखा बसवलाय, मुलांचं इंग्रजी घेशील, तिथे जंगलात एकटी बसून करतेस तरी काय?

करते काय म्हणे. एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बारा हेडमिस्ट्रेस म्हणून. चंद्रपूरच्या शाळेत माझ्या चपलांचा आवाज आला की तीन वर्ग आपोआप गप्प होत. रिटायर होऊन बाबांच्या गावी आले, आरमोरीपासून सहा मैलांवर, नवा टोला नावाच्या वाडीत. गावातलं पहिलं स्लॅबचं घर बांधलं. ते काय पंख्याखाली बसून पुतण्यांची स्पेलिंगं तपासायला सोडून जाऊ?

त्याच टपालाने दिल्लीहून कोर्सचा गठ्ठा आला. 'यशस्वी जीवनाचे बारा पाठ'. पोस्टल, इंग्रजीतून. मला गरज नाही. पण दुसऱ्यांना शिकवायचं तर हाताशी छापील काही असावं.

खुशालला उत्तर लिहिलं की मी इथे महिलांसाठी व्यक्तिमत्त्व विकासाचं केंद्र चालवते, तीस महिला येतात, हवं तर येऊन बघ.

केंद्र अजून सुरू व्हायचं आहे. पण पाठ तिसरा म्हणतो, यश मिळालंच आहे असं धरून बोलावं. म्हणजे हे खोटं नाही. आगाऊ आहे.

३ मार्च, सकाळी ७.२०

पाठ पहिला: यशस्वी माणूस सूर्याच्या आधी उठतो.

गजर पाचचा लावला होता. जाग आली तेव्हा घड्याळ उशीखाली सापडलं, म्हणजे प्रतिसाद मी दिला होता. उठण्याचा निर्णय पाचलाच झालेला आहे. अंमलबजावणी सात वीसला.

पाठ दुसरा: ध्येय एका वाक्यात लिहून आरशावर चिकटवा. लिहिलं, 'नवा टोला यशस्वी करणे.' घरात गोंद नव्हता, भाताच्या शितांनी चिकटवलं. दुपारपर्यंत ध्येयाला मुंग्या लागल्या.

९ मार्च

खुशालचं उत्तर. २० एप्रिलला, रविवारी, येतोय. तीस बायका दाखवल्या तर नागपूरचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही दाखवल्या तर त्याच दिवशी सामानासकट निघायचं. 'मॅटॅडोर ठरवूनच येतो.'

मॅटॅडोर! म्हणजे निकाल लिहून ठेवून पेपर तपासायला येणार.

होकार सही करून पाठवला. पत्र पेटीत टाकलं आणि घराच्या उलट वाटेने चालायला लागले. ऊन फार आहे.

नागपूरला दिवाळीत चार दिवस राहिले होते. वहिनी चांगली आहे. दिवसभर म्हणत होती, ताई, तुम्ही बसा. मी बसले. चार दिवसांत मला कुणी उठवलं असेल तर झाडू मारताना, खुर्चीखालचा केर काढायला.

नाही. जाणार नाही.

१२ मार्च

बापूरावभाऊंच्या अंगणात सभा घेतली. भाऊ म्हणजे इथले म्हातारे पाटील, सत्तरीचे, दिवसभर बिडी. बायका बोलावून आणल्या सुकरीने. सुकरी माझ्याकडे धुणं-भांडी करते, सांगितलेलं निम्मं ऐकते.

चाळीसेक बायका जमल्या. त्यांना समजावून सांगितलं: यश ही सवय आहे. माझे बाबा रेल्वेत फिटर होते. पोटाला चिमटा काढून मला नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं. तिथे मदर अगाथांनी पहाटे साडेपाचला उठवून उठवून माझी मी झाले. तुमचंही तेच होईल. सोमवारपासून, रोज पहाटे साडेपाच ते साडेसहा, माझ्या ओसरीवर.

सगळ्या 'हो बाई' म्हणाल्या. एकीनेही शंका विचारली नाही. याला लीडरशिप म्हणतात.

परत येताना सुकरी म्हणाली, इकडे सगळेच हो म्हणतात, तोंडावर नाही म्हणायला लाज वाटते. नोंद केली: स्वभाव संकोची. पाठ नववा, 'नाही म्हणायला शिका', यांना लवकर द्यावा लागेल.

१७ मार्च, सोमवार

उद्घाटन. वर्ग साडेपाचला. मी तयार सहा वाजून दहा मिनिटांनी. (पहिल्या दिवशी पाहुण्यांना थोडं थांबवावं, उत्सुकता वाढते.)

हजेरी: शून्य.

शाळेची पितळी घंटा निरोपसमारंभात मिळाली होती. ती वाजवत गल्लीतून गेले. प्रत्येक दाराला कडी. साडेसहा वाजता अख्खा टोला झोपलेला! याच्यापुढे दिल्लीची संस्था काय करणार?

बापूरावभाऊ दारात बिडी ओढत होते. मी त्यांना म्हटलं की गावाला ही झोपच नडली. भाऊंना ठसका लागला. मग म्हणाले, झोपलंय कोण, साऱ्या चार वाजताच मोह वेचायला गेल्या.

मोहाची फुलं पडायला लागली हे मला माहीत होतं. दोन वर्षं इथे राहते, वास येतो. पण चार वाजता? फूल म्हणजे काय वडशाची गाडी आहे, चुकायला? भाऊंनी समजावलं, फूल पहाटे गळतं, माणूस उशिरा गेला तर हरीण खातं, ढोर खातं, अस्वल खातं.

म्हणजे यांची स्पर्धा अस्वलाशी. ध्येय किती खुजं असावं माणसाचं!

सुकरी अकराला उगवली. मी विचारलं, त्या दिवशी सभेत का नाही सांगितलं?

"तुमी इचारलं नाई," म्हणाली, आणि भांडी घासायला बसली.

१९ मार्च

पाठ पाचवा: संधी तुमच्याकडे येत नसेल तर तुम्ही संधीकडे जा.

वर्गच जंगलात घ्यायचं ठरवलं. चारला निघणार होते. अस्वलाचा विचार करता सव्वासात योग्य वाटले. पोचले आठला.

झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ केलेली, त्यावर फुलंच फुलं. बायका वाकून दोन्ही हातांनी वेचतात, मान वर करत नाहीत. एका खोडाला टेकून मी ध्येयावर बोलले. सुंदर बोलले. मग प्रत्येकीला तिचं ध्येय एका वाक्यात विचारलं.

सगळ्यांत जवळ वेचणारी सोमारी म्हणाली, आज दोन टोपल्या.

मी म्हटलं, हे फार लहान झालं, मोठा विचार कर, उद्याचा कर.

सोमारीने केला. उद्या बी दोन, म्हणाली.

तेवढ्यात ठमाबाई नावाच्या म्हातारीने माझ्या हातात रिकामी टोपली दिली. वय सत्तरच्या पुढे, माझ्यापेक्षा ताठ. आदर्श घालून द्यावा म्हणून मी वेचायला लागले. अकरा मिनिटं वेचलं. कंबर धरली. ठमाबाईने माझ्या टोपलीतली फुलं बघितली, त्यातून काड्या काढल्या, पानं काढली, उरलं ते आपल्या टोपलीत ओतलं.

उद्या विश्रांती. पाठ सातवा विश्रांतीवरच आहे.

२२ मार्च

पाठ चौथा: चोवीस तास एकही तक्रार करायची नाही.

९.००. सुरू.

९.१०. सुकरी आलेली नाही. (तक्रार नव्हे, निरीक्षण.)

१०.४५. सुकरी आली. भाताचं पातेलं करपलेलं घासायला टाकलं तर म्हणाली, हे तुम्हीच करपवलं. मी हसले. पाठात हसायला सांगितलंय.

११.३०. पोस्टमन तीन दिवसांचं टपाल एकदम देऊन गेला. सरकारी खात्याविषयी मला काहीही म्हणायचं नाही. आज नाही.

२.००. तक्रारी विसरू नयेत म्हणून मागच्या पानावर लिहून ठेवते आहे. उद्या नऊनंतर करीन. सतरा झाल्या.

४.१५. बापूरावभाऊ आले. वर्ग कसा चाललाय, विचारलं. पाठ चौथा इथे संपवला. मोह वेचणाऱ्या समाजाबद्दल मी भाऊंना पाऊण तास जे बोलले ते अत्यंत मुद्देसूद होतं. भाऊ शेवटी एवढंच म्हणाले की बाई, या मोहावर त्यांचं वर्षाचं मीठ-तेल आणि अंगावरचं लुगडं आहे.

तरी सव्वासात तास झाले. पहिल्या प्रयत्नात हे कमी नाही.

२८ मार्च

होळी झाली. वर्गाची वेळ बदलली: दुपारी दोन. नेत्याला लवचीकपणा हवा.

चौघी आल्या: सुकरी, सोमारी, बुधरी आणि बुधरीची सासू. मी पाठ तिसरा मराठी करून वाचला, सकारात्मक विचारांवर. दहा मिनिटांत चौघी भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या. पाठात 'खोल एकाग्रता' म्हटलंय ती हीच असावी. बुधरीच्या सासूची एकाग्रता घोरायला लागली.

पहाटे तीनला उठलेल्या, असं सुकरी नंतर म्हणाली. मी म्हटलं, मग रात्री लवकर झोपावं. म्हणाली, आठलाच झोपतो.

याचं उत्तर शोधायला गठ्ठा उघडला. बाराही पाठांत नाही.

तेवीस दिवस उरले.

३१ मार्च

सुकरी रडत आली. तिला रडताना मी पहिल्यांदा बघितलं. अंगणात वाळत घातलेला चार दिवसांचा मोह बकऱ्यांनी खाल्ला. मोह चांगला वाळावा लागतो, नाहीतर काळा पडतो आणि बाजारात कुणी घेत नाही. अंगणात घातला तर बकऱ्या, राखायला बसावं तर वेचायला कोण जाणार?

मग डोळे पुसत म्हणाली, बाई, तुमच्या गच्चीवर टाकू काय? सिमेंट तापतं, दोन दिवसांत वाळेल.

पाठ नववा डोळ्यासमोर आला. नाही म्हटलं. स्पष्ट, हसतमुख, कारण न देता, पाठात सांगितलंय तसं.

ती गेली. मग मात्र बराच वेळ मला चैन पडलं नाही. उकाडा.

१ एप्रिल

आज मला एक कल्पना सुचली.

सुकरी भांडी घासता घासता काहीतरी पुटपुटत होती, गच्ची दिली असती तर बायका वर्गालाही बसल्या असत्या वगैरे. माझं लक्ष नव्हतं. पण नेमकं तेव्हाच मला आतून स्फुरलं की ज्या बायका वर्गाला बसतील त्यांनाच गच्चीवर मोह वाळवू द्यावा! पाठ दहावा हाच आहे: आधी द्या, मग मिळवा. कल्पना सुचायला मन तयार असावं लागतं.

सुकरीला सांगितलं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, भारी सुचलं बाई तुमाले.

५ एप्रिल

चौतीस!

साडेदहाला टोपल्या डोक्यावर घेऊन चौतीस बायका जिन्याने वर आल्या. गच्चीवर आपापल्या वाट्याला मोह पसरला, मधे काड्यांच्या रेघा ओढल्या, आणि मग जिन्याच्या सावलीत, ओसरीवर, पायऱ्यांवर बसल्या. मी पाठ सहावा घेतला, 'कामाची विभागणी'. मागे बोलणं चालू होतं, पण ते चर्चासत्र धरावं.

अर्ध्या तासाने त्या गेल्या. विभागणी अशी झाली की मोह वर आणि राखायला मी.

दुपारी गच्चीवर छत्री धरून दुसऱ्या दिवसाची टिपणं काढते. हवा चांगली असते. गरम असते, पण असते. हातात बांबू ठेवते. बकऱ्या जिना चढतात हे मला कॉन्व्हेंटमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

खुशालला पोस्टकार्ड: 'केंद्र भरभराटीस. मॅटॅडोरचा खर्च वाचव.'

८ एप्रिल, पहाटे ५.०५

बकऱ्या आणि वानरं उजाडायच्या आत येतात. रात्रीचा मोह वरच असतो, म्हणून उठावं लागतं. सलग तिसरा दिवस.

पाठ पहिला साध्य झाला असं लिहिणार होते. पण बकरीने उठवलेलं धरायचं की नाही, याबद्दल पाठात काही सांगितलेलं नाही. सोडून दिलं. उद्यापासून गजराने उठायचा प्रयत्न करणार.

१० एप्रिल

अपमान.

काल गच्ची तापून पाय ठेववेना. मी विचार केला, स्वच्छता आणि थंडावा दोन्ही होईल, आणि बादलीभर पाण्याचा सडा मारला. मोह नीट उलटा व्हावा म्हणून वरून खराट्याने ढकलला. पुढाकार घेणं, पाठ आठवा.

आज ठमाबाईने वर येऊन एक फूल उचललं, बोटांत चेपलं, वास घेतला. सगळ्यांसमोर म्हणाली, "काऊन बाई, दारू इथीच काढून राह्यल्या का?"

चौतीस बायका हसल्या. हेडमिस्ट्रेस असताना माझ्यासमोर इन्स्पेक्टरसुद्धा हसत नसे.

मग तिने मला दाखवलं. खराटा नाही, हाताने. बोटं पसरून, खालून वर. पाणी तर नाहीच. उन्हं कलायला लागली की पुन्हा एकदा. माझे हात धरून दाखवलं, पहिलीतल्या मुलीला पाटीवर अक्षर गिरवायला लावतात तसं.

टीका मी सकारात्मकपणे घेतली. दोन तास खोलीचं दार लावून घेतलं, एवढंच.

१३ एप्रिल

एक आठवडा उरला. रंगीत तालीम. खुशाल त्यांना प्रश्न विचारणारच, इंजिनीअर आहे, ठोकून बघितल्याशिवाय राहत नाही. उत्तर पाठ करून घेतलं:

यश म्हणजे काय? ध्येय, शिस्त आणि सकारात्मक विचार.

'ध्येय' जमलं. 'शिस्त' जमली. तिसऱ्याला गाडी अडली. सोमारी म्हणाली, तो शेवटचा शब्द तुमीच म्हना ना बाई, आमी मान हालवतो. बुधरीने विचारलं की हे साहेबाला सांगितलं तर काय होईल. मी म्हटलं, मी इथे राहीन. नाही सांगितलं तर साहेब मला नागपूरला नेतील.

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. प्रेरणा मिळाली असावी.

ठमाबाई वर मोह उलटत होती, खाली आलीच नाही. तिला शिकवणं अवघड आहे. वय झालं.

१६ एप्रिल

हजेरी बावीस. परीक्षेआधी थोडी ढिलाई येतेच.

१८ एप्रिल

हजेरी नऊ. सुकरीला विचारलं, बायका कुठे? म्हणाली, मोह सरला. बहुतेक झाडांचं फूल गळून झालं, आता पालवी फुटते आहे.

मी म्हटलं, मोह सरला, पण वर्ग कुठे सरलाय?

ती पातेलं घासत राहिली. सुकरी नुसतं काम करत राहते तेव्हा मला फार राग येतो.

१९ एप्रिल

हजेरी: सुकरी. ती कपडे धुवायला आली होती.

गच्ची पूर्ण रिकामी. वाळलेला मोह पोत्यांत भरून बायका घेऊन गेल्या. गेल्या तेव्हा प्रत्येकीने मला 'जातो बाई' म्हटलं. मी समजले, उद्याला येतील.

घरोघर जाऊन सांगितलं, उद्या अकरा वाजता, साहेब येणार. सगळ्या 'हो बाई' म्हणाल्या.

पाठ बारावा, शेवटचा: अपयश हे यशाचं पहिलं पाऊल. हे आधी सांगायला काय झालं होतं? पाठ पहिला म्हणून तरी द्यायचा. संस्थेला पत्र लिहिणार आहे. खरमरीत.

पाच वाजताच जाग आली. बकऱ्या नव्हत्या. उगाच गच्चीवर जाऊन आले.

२० एप्रिल, रविवार, संध्याकाळी ६

अकराला खुशाल आला. मागे मॅटॅडोर, त्यात दोन हमाल.

ओसरीवर सतरंजी घातली होती. तीस जणींच्या मापाची. तिच्यावर एक कुत्रं.

चहा दिला. हवापाण्यावर बोलले. साडेअकरा झाले. वडशाच्या तांदळावर बोलले. बारा झाले. खुशाल घड्याळ बघत नव्हता, हे जास्त वाईट. शेवटी हळूच म्हणाला, ताई, मला काही सिद्ध करायचं नाही. मग त्याने हमालांना खूण केली. त्यांनी माझं लोखंडी कपाट उचललं.

मी काहीतरी बोलणार होते. लिहून ठेवलेलं भाषण होतं, चार मुद्द्यांचं. ते त्याच कपाटात होतं. आरशावरचा कागद तेवढा काढून घेतला.

कपाट मॅटॅडोरवर चढलं तेव्हा सुकरी फाटकात होती. तिने बघितलं आणि पळत सुटली. कपड्यांचं बोचकं तिथेच टाकून. माझ्याच चादरी, मातीत.

बायका बोडीवर, म्हणजे गावच्या तळ्यावर, कपडे धूत होत्या. सुकरी तिकडेच गेली होती. दहा मिनिटांत ओली लुगडी खोचून सगळ्या आल्या. किती होत्या सांगता येणार नाही, खुशालने मोजल्या नाहीत. मीही नाही.

मी सोमारीकडे बघितलं, ध्येय, शिस्त, म्हण काहीतरी. सोमारीने मान हलवली. फक्त मान.

ठमाबाई पुढे आली. मॅटॅडोरवरच्या कपाटाकडे बघितलं, खुशालकडे बघितलं.

"साहेब, बाईले न्यायचं असन त न्या. पन फागुनाच्या आंधी आनून द्या."

खुशालला कळेना. त्याने विचारलं, ताईंनी तुम्हाला इथे काय काय शिकवलं?

"आमाले?" ठमाबाईला खरंच नवल वाटलं. "आमीच बाईले शिकवून राह्यलो ना. पह्यले खराट्यानं मोह उलटवे. पानी मारलं त्याच्यावर. आता हातानं उलटवते, बकरी चढू देत नाई, पाचले उठते. पह्यलंच साल आहे, चुकन. पुढच्या सालाले बरी होईन."

कुणी हसलं नाही. ते सगळ्यांत वाईट. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या, प्रगतिपुस्तकावर सही करणाऱ्या पालकांसारख्या.

माझ्या केंद्राबद्दल खुशाल काही तरी बोलेल म्हणून मी थांबले. तो मॅटॅडोरच्या फळीवर बसून रुमालाने चष्मा पुसत राहिला. फार वेळ पुसला. एवढी धूळ नव्हती.

त्याने काय ठरवलं ते विचारायला बायका थांबल्याच नाहीत. कपाट त्यांनीच उतरवलं, हमालांना बाजूला करून. आत नेऊन भलत्याच भिंतीला लावलं. मी ते तिथेच राहू दिलं.

निघताना खुशाल माझ्या पाया पडला. "ताई, आमच्याकडे तुझ्या चुका काढायची कुणाची हिंमत नाही," म्हणाला. "तू इथेच राहा."

२१ एप्रिल

जिंकले. नागपूर कायमचं मिटलं. हे आधी नोंदवून ठेवते.

बाकी संताप. एकतीस वर्षं नोकरी, बारा हेडमिस्ट्रेस, त्याआधी मदर अगाथांच्या हाताखाली दहा वर्षं, आणि मी 'पह्यल्या सालात'. तेही काठावर. चुकन, पण बरी होईन. अशी शेरेबाजी मी माझ्या सर्वांत ढ मुलीच्या वहीवरसुद्धा कधी केली नाही.

दिल्लीचे बाराच्या बारा पाठ चुलीजवळ ठेवलेत. अजून जाळलेले नाहीत, कागद जाड आहे.

सुकरी आली. उशिरा. कालच्या चादरी पुन्हा धुवायला बसली. मी तिच्याजवळ स्टूल ओढून घेतलं आणि कामाचं बोलल्यासारखं विचारलं की मी नक्की कुठे कुठे चुकत होते, ते एकदा नीट सांग.

तिने मार्चपासून सुरुवात केली.

चादरी वाळल्या. चहा तीनदा झाला. अजून तिचं एप्रिलपर्यंत आलेलं नाही.